एक खोली, दोन भाडेकरू आणि साम्राज्यभरचे प्रयोग

जॉन मॅडिसन मॉर्टन यांचा ‘बॉक्स अँड कॉक्स’ हा एकांकी फार्स १ नोव्हेंबर १८४७ रोजी लंडनच्या लायसियम नाट्यगृहात प्रथम रंगला. मिसेस बाउन्सर ही घरमालकीण एकच खोली दोघांना भाड्याने देते. बॉक्स रात्रभर वर्तमानपत्राच्या छापखान्यात राबतो, तर कॉक्स दिवसभर टोप्या तयार करतो. त्यामुळे दोन्हीकडून भाडे घेऊनही बाईंचे पितळ उघडे पडत नाही. एके दिवशी कॉक्सला अचानक सुट्टी मिळते आणि मग एकाने विस्तवावर ठेवलेले मांस दुसरा खिडकीबाहेर भिरकावू लागतो. नाशिकरोडला ज्या घरांचा दिनक्रम नोटांच्या छापखान्यातल्या पाळ्यांवर ठरत आला, तिथे यातली मेख समजावून सांगावी लागणार नाही.

असे लहान फार्स ब्रिटिश वसाहतींत चालले ते वाङ्मयीन गुणांपेक्षा सोयीमुळे, असे माझे मत आहे. एक खोली, तीन पात्रे, मोजके सामान आणि तासाभराचा खेळ एवढ्यावर छावणीतल्या हौशी मंडळींचे भागत असे, आणि स्त्री-भूमिका एखाद्या शिपायाने केली तरी कोणाची हरकत नसे. पुढे लेखक बर्नांड आणि संगीतकार सलिव्हन यांनी १८६६ मध्ये याच कथेची संगीतिका केली, तेव्हा तर घरमालकिणीच्या जागी लष्करी गाणे म्हणणारा सार्जंट बाउन्सर आला! आपल्या देवळालीत १८६१ पासून मायदेशी जाणाऱ्या जहाजांची वाट पाहत सैनिक छावणीत पडून असत. रिकामा वेळ आणि घरची ओढ असलेल्या अशाच प्रेक्षकाला हा सार्जंट सर्वांत जवळचा वाटला असणार. मॉर्टन यांची अखेरची वर्षे मात्र लंडनच्या चार्टरहाउस या धर्मादाय निवासात गेली.

इंग्रजी रंगभूमीच्या प्रथेप्रमाणे मुख्य नाटकाला जोडून फार्स करण्याची रीत आपल्याकडेही आली. मुंबईत ग्रँट रोडवर १८४६ मध्ये नाट्यगृह सुरू झाले. तिथे १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांनी पौराणिक नाटके केली, आणि त्याच वर्षी पारशी मंडळींनी रुस्तम-सोहराबच्या नाटकाला जोडून एक फार्स सादर केला. पुढे मराठी नाटकमंडळ्यांतही पौराणिक आख्यान संपल्यावर फार्स करण्याचा प्रघात पडला. देवादिकांची रात्र संपता संपता आजूबाजूची माणसे रंगमंचावर येत, आणि गद्य संवादांना वाव मिळे. आपल्या मंडळींनी इंग्रजांकडून रात्रीच्या शेवटची ती जागा उचलली; तिच्यात काय भरायचे हे मात्र त्यांनी स्वतः ठरवले, आणि म्हणूनच नारायणराव पेशव्यांच्या मृत्यूसारखा करुण प्रसंगही मराठी रंगभूमीवर फार्स म्हणून उभा राहिला.