दहा वर्षांच्या बदल्यात किती?

आरोग्यविषयक प्रश्नावल्यांशी माझा कामानिमित्त संबंध येतो हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : आजारी माणसाच्या जगण्याचे मोल निरोगी माणसांनी का ठरवायचे? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितो.

‘ईक्यू-५डी’ या अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत चालणे-फिरणे, स्वतःची निगा, नेहमीची कामे, वेदना आणि चिंता किंवा उदासी, एवढ्या पाचच गोष्टी विचारतात. रुग्ण आपली अवस्था नोंदवतो. कोणत्या उपचारावर सार्वजनिक पैसा खर्चावा याच्या हिशेबासाठी तिला गुण देणारे मात्र बहुधा दुसरेच असतात. ब्रिटनमध्ये १९९३ साली सुमारे ३००० सर्वसामान्य नागरिकांना विचारले गेले, की अमुक अवस्थेत दहा वर्षे काढण्याऐवजी पूर्ण निरोगी अशी किती वर्षे तुम्हाला चालतील? सात म्हटले की त्या अवस्थेचे मोल ०.७. पाचही बाबतींत सर्वांत वाईट असलेल्या अवस्थेच्या वाट्याला यातून उणे ०.५९४ आले, म्हणजे मरणाहूनही (त्याचे मोल शून्य) वाईट.

उलट डायलिसिसवरचे रुग्ण स्वतःच्या जगण्याला इतरांनी कल्पनेने दिलेल्या गुणांपेक्षा अधिक गुण देतात, हे १९७८ मध्येच दिसून आले होते. याचे मला नवल वाटत नाही. बारा वर्षांपूर्वी माझा एक कान कायमचा गेला. पहिले काही महिने मी ऐकू येण्यासाठी दहातली तीन वर्षे सहज सोडली असती. आज सहा महिनेही सोडणार नाही. निरोगी माणूस पहिल्या दिवसाची कल्पना करतो, रुग्ण हजाराव्या दिवसाविषयी बोलतो. (पाच प्रश्नांत श्रवणाचा उल्लेखच नसल्याने त्या प्रश्नावलीच्या लेखी मी पूर्ण निरोगी आहे, म्हणजे गुण कोणी द्यायचे याच्याही आधी प्रश्न कोणी निवडले हे पाहावे लागते.)

मग रुग्णाचेच मत का घेऊ नये? अडचण अशी, की मी माझ्या कानाशी जितके जुळवून घेतले तितका तो बरा करणारा उपचार हिशेबात कमी मोलाचा ठरतो. आणि निरोग्यांचे गुण धरले तर अपंग माणसाचा जीव वाचवणे कमी मोलाचे ठरते. अमेरिकेतील ओरेगन राज्याने सेवांचा अग्रक्रम ठरवताना जनतेचे असे गुण वापरले, तेव्हा ते अपंगांवर अन्याय करणारे आहेत या कारणाने केंद्र सरकारने १९९२ मध्ये ती योजना नाकारली. ‘कर भरणाऱ्यांनीच ठरवावे’ हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो, कारण रुग्णही कर भरतातच.

माझे मत असे, की गुण त्या अवस्थेत राहिलेल्यांनीच द्यावेत, मात्र त्यांना आजच्याबरोबर सुरुवातीच्या दिवसांविषयीही विचारावे. स्वीडनमधील औषधांच्या किमती ठरवणारी संस्था रुग्णांच्याच मूल्यांकनाला पसंती देते, ते मला योग्य वाटते. सर्वाधिक हाल सोसणाऱ्यांना झुकते माप द्यायचे की नाही, हे मात्र समाजाने उघडपणे ठरवावे. कल्पनेने दिलेल्या गुणांत ते लपवू नये.

राहतात ती लहान मुले आणि तीव्र स्मृतिभ्रंश झालेले रुग्ण. त्यांच्यावतीने काळजी घेणारे उत्तर देतात, आणि जिथे रुग्णालाही बोलता येते तिथे काळजी घेणाऱ्यांचे गुण अनेकदा रुग्णाच्या गुणांपेक्षा कमी भरतात. त्यात त्यांचा स्वतःचा थकवाही मिसळलेला असतो. त्यांची उत्तरे मी घेतो, पण रुग्णाचे मत म्हणून नव्हे, वेगळ्या रकान्यात.