पाण्यामागं फिरणारी जेट्टी : आमच्या रोइंग क्लबचा अपडेट

राम राम मंडळी, जेट्टी एकदाची पाण्यात उतरली! लातूरकडच्या आमच्या तळ्यावर आता पोरांना गुडघाभर चिखलात न रुतता बोटीत बसता येतंय. क्लब म्हटलं की सगळे आधी बोटी किती ते विचारतात, पण आपल्याकडं खरा प्रश्न पाण्याचा, ते एका जागी थांबतच नाही. पावसाळा संपताना पाणी सांडव्याला टेकलेलं असतं आणि मार्च-एप्रिलात इतकं आत जातं की मधे नुसती काळी माती, वरून भेगाळलेली अन् खाली लोण्यासारखी मऊ. इथं सिमेंटचा पक्का घाट बांधला तर तो वर्षातले थोडेच महिने कामाचा.

म्हणून तरंगती जेट्टी. २०० लिटरचे निळे ड्रम, अँगलची फ्रेम, वर फळ्या. माणसं पेलायची चिंता नव्हती, एक रिकामा ड्रम पूर्ण बुडाला तर १९० किलोच्या आसपास वजन उचलतो, चिंता होती उंचीची. रिगर (वल्हं टेकवायचा बोटीबाहेर आलेला दांडा) आणि वल्हं जेट्टीच्या वरून गेलं पाहिजे, नाहीतर बोट कडेला लागतच नाही, आणि आडवा ड्रम पाण्यावर लई वर राहतो. मग ड्रममधे निम्म्याहून जास्त पाणी भरलं, बूच घट्ट लावलं, आता फळी पाण्यापासून वीतभरच वर आहे. उचलायची ताकद कमी होते म्हणून ड्रम जास्त लावले. पाणी उतरायला लागलं की दोर सैल करून जेट्टी आत ढकलायची आणि काठापासून तिथपर्यंत मुरूम टाकत जायचं, एवढं सोपं आहे, फक्त जेट्टी गाळात बसायच्या आधी हलवायची.

आमच्यासारखं तळं असेल तर एक काम उन्हाळ्यातच करून ठेवा. बुडालेल्या बाभळींची खोडं तेव्हा उघडी पडतात, एकेका खोडाची जागा मोबाईलवर सेव्ह करा, पाणी भरल्यावर तीच खोडं बोटीच्या फिनला, म्हणजे तळाच्या पातळ पात्याला, धरतात. शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाईप अन् केबल, मच्छीमार सोसायटीची जाळी, हे पण नकाशावर पाहिजे. जाळी कुठं आणि कधी टाकणार ते सोसायटीवाले आता आम्हाला आदल्या दिवशी सांगतात, त्यांच्याशी जमवून घेतल्याशिवाय तळ्यावर क्लब चालूच शकत नाही असं माझं ठाम मत आहे.

बोटी सध्या रुंद, फायबरच्या, शिकायच्या. रेसिंगचा सिंगल स्कल, म्हणजे एकट्यानं दोन वल्ह्यांनी चालवायची बोट, आठ मीटरच्या आसपास लांब आणि नियमानं कमीत कमी १४ किलोचा, तो नवीन माणसाखाली एक क्षण सरळ राहत नाही. शेडला पत्र्याखाली हिरवी नेट मारली, बोटी रॅकवर उलट्या. पोहता येणं सक्तीचं, आणि बोट उलटली तर बोट सोडायची नाही, ती तरंगतच असते, हे पहिल्याच दिवशी पाण्यात उलटवून शिकवतो.

उन्हाळ्यात पाणी फारच कमी झालं की एर्ग, म्हणजे जमिनीवर वल्हवायचं मशीन. सेकंडहँड कॉन्सेप्ट-२ कंपनीचा घेतलाय. नवीन पोरं आली की डॅम्पर (हवा किती आत घ्यायची ती खटकी) सरळ १० वर नेतात, त्यांना मी ड्रॅग फॅक्टर, म्हणजे हवेचा अडथळा किती तो आकडा, दाखवून १२० च्या आसपास आणायला लावतो आणि मग पाय, पाठ, हात हाच क्रम घोकून घेतो. आपल्याकडच्या धुळीनं फ्लायव्हीलची (आतल्या पंख्याच्या चाकाची) जाळी भरते, हवा कमी जाते अन् ड्रॅग आपोआप खाली येतो, त्यामुळं त्याच डॅम्परवर आकडा कमी दिसला तर आधी जाळी साफ करा.

तळ्यात रेसचे नेहमीचे सरळ २००० मीटर मिळत नाहीत, ५०० चे तुकडे करतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला तर रेस १५०० मीटरचीच आहे. आणि दुष्काळी भागात कुठं रोइंग म्हणणाऱ्यांना मी दत्तू भोकनळचं नाव सांगतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा माणूस, फौजेत जाऊन वल्हं धरलं, २०१६ ला रिओत सिंगल स्कलमधे तेरावा आला, २०१८ च्या एशियन गेम्सला चौघांच्या बोटीत सोनं. ज्या वर्षी मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायलं होतं त्याच वर्षी तो रिओत वल्हवत होता, हे ऐकल्यावर आमची पोरं ताठ बसतात.

आता पुढचं काम वल्ह्यांचं. कुणाच्या क्लबात स्कलची जुनी वल्ही पडून असतील तर सांगा, ग्रिप झिजलेली चालेल, ब्लेडला चीर नको, आम्ही येऊन घेऊन जाऊ.