श्यामची आई आणि आम्ही अमळनेरकर

आज आईबरोबर सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ बघितला. ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरलेला. कृष्णधवल ठेवलाय, ते फार योग्य केलं. अत्र्यांच्या १९५३च्या सिनेमाला तर राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेलं. तरी मला दोन्हींपेक्षा साने गुरुजींचं मूळ पुस्तकच जास्त भिडतं. अंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागेल म्हणून हट्ट धरून बसलेला श्याम, आणि त्याच्यासाठी धोंड्यावर लुगड्याचे ओचे पसरणारी आई! जेवता जेवता आईने तो प्रसंग जवळजवळ तोंडपाठ सांगितला, सांगताना तिचेच डोळे भरून आले. आम्हा अमळनेरकरांना गुरुजी घरचेच वाटतात. प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात पोरांच्या खोल्या स्वतः झाडणारे मास्तर होते ते. भाच्याला आधी पुस्तक देणार आहे, सिनेमा नंतर.