पंख्याची पाटी

रेडिओग्राफरच्या रात्रीतला मोठा वाटा दोरी ताणण्यात जातो, हे बाहेरच्या कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही. गॅमा कॅमेऱ्यातून सोर्स, म्हणजे किरणोत्सारी धातूचा तुकडा, बाहेर काढून वेल्डिंगच्या जोडाची एक्स-रेसारखी एक फिल्म घ्यायला दोन-अडीच मिनिटे पुरतात. त्याआधी चहूबाजूंनी दोरी बांधणे, लाल दिवे टांगणे, पाट्या लावणे आणि किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर हातात धरून कडेकडेने फिरणे यात तासभर सहज मोडतो. वेल्डर दिवसा काम उरकून जातात आणि आम्ही रात्री येतो, कारण रात्री शिवारात माणूस नसतो असे आमच्याकडे गृहीत धरलेले आहे.

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांमधून वायुवाहिनी चालली होती. आमच्याकडचा सोर्स इरिडियम-192चा होता. त्याचा अर्धायुकाल 74 दिवसांचा, म्हणजे अडीच महिन्यांपूर्वी 40 क्युरी तीव्रतेचा आलेला सोर्स आता 20 क्युरीवर उतरला होता आणि प्रत्येक फिल्मला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागत होता. जोडांची संख्या मात्र ठेकेदाराच्या हिशेबात रोज तेवढीच असे. चार बाजूंवर लक्ष ठेवायला त्याने दोन पोरे दिली होती, तीही आदल्या आठवड्यापर्यंत खड्डे खणणारी. बागेच्या बाजूला उभा केलेला पोरगा बिबट्याच्या भीतीने केव्हाच गाडीजवळ येऊन बसला होता. त्याच्यावर मी रागावलो, पण त्या भागात केळीत बिबट्या निघतो हे मलाही माहीत होते आणि त्या अंधारात मी स्वतः तिथे उभा राहिलो असतो का, हे मला ठामपणे सांगता येणार नाही.

बारा वाजून गेले होते. मी क्रँक फिरवून सोर्स बाहेर पाठवला आणि घड्याळ लावले. मिनिट-दीड मिनिट झाले असेल, तोच केळीच्या ओळींतून बॅटरीचा उजेड हलताना दिसला. मी जोरात ओरडलो. ती माझी पहिली चूक, कारण रात्री शेतात कोणी ओरडले तर आपल्याकडचा माणूस थांबत नाही. कोणाला तरी साप चावला असे समजून तो धावत येतो. तोही आला. मी उलटी क्रँक मारली. केबल घाईने ओढली तर कधी अडकते, म्हणून हात एका लयीत चालवावा लागतो, आणि त्या काही सेकंदांत सोर्स कोलिमेटरच्या, म्हणजे किरणे एकाच दिशेला जाऊ देणाऱ्या जड टोपणाच्या, आडोशातून निघून उघड्या नळीतून परत येत असतो, हे ठाऊक असूनही लय सोडता येत नाही. सोर्स आत गेला, मी मीटर घेऊन कॅमेऱ्यापर्यंत गेलो, काटा खाली आल्याची खात्री केली, कुलूप लावले आणि मगच त्या माणसाकडे वळलो. एवढे मात्र मी पायरी न चुकवता केले.

साठीच्या आसपासचे शेतकरी होते. शेतीच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती, बाराला वीज आली आणि ते मोटार चालू करायला निघाले होते. दोरी त्यांना दिसली नव्हती, कारण केळीच्या दोन ओळींपलीकडचे काही दिसतच नाही. पाटी मात्र त्यांनी संध्याकाळी पाहिली होती.

“ते पंख्याचं चित्र ना भाऊ? मले वाटलं, तुमचं मशिनीचं काही असंन.”

किरणोत्साराचे ते तीन पात्यांचे चिन्ह 1946 साली बर्कलीच्या प्रयोगशाळेत कोणीतरी काढले, आणि आजतागायत ज्याला ते शिकवले आहे त्यालाच ते कळते. आंतरराष्ट्रीय संस्थांनाही हे उमगले होते. 2007 साली त्यांनी कवटी आणि पळणारा माणूस दाखवणारे लाल चिन्ह आणले. पण ते सोर्सच्या अगदी जवळ, उपकरणावरच लावायचे असते. तिथवर जो पोचला, त्याला पळायला सांगून किती उपयोग? दोरीवर आमचा पंखाच राहिला. त्याखाली मराठी मजकूर होता, पण पाटीचे तोंड गाडीवाटेकडे होते, आणि हे गृहस्थ स्वतःच्या बागेतून आले होते.

सकाळी मी पावलांनी अंतर मोजले. ते सोर्सपासून फार तर 20 मीटरपर्यंत जवळ आले होते. कोलिमेटर आणि पाइपची जाडी जमेस न धरता, सर्वात वाईट हिशेब केला तरी त्या अंतरावर शरीराला मिळणारा डोस तासाला पाव मिलिसिव्हर्ट, म्हणजे दोन मिनिटांना सुमारे 8 मायक्रोसिव्हर्ट. सामान्य नागरिकासाठी वर्षाची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट आहे, त्यामुळे घाबरण्याजोगे काही नव्हते. मी त्यांना तसे सांगितले. त्यांनी स्वतःबद्दल काही विचारलेच नाही. घड कापणीला आले होते, आणि या किरणांनी माल खराब तर होणार नाही ना, व्यापारी घेईल ना, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. गॅमा किरणे आरपार निघून जातात, केळीत काही उरत नाही, असे मी समजावले. केळीत मुळातच किरणोत्सारी पोटॅशियम थोडेसे असते, हे जिभेवर आले होते, गिळले. दुसऱ्या दिवशी गावभर काय पसरले असते, ते सांगायला नको.

वरिष्ठांचे म्हणणे पडले की डोस नगण्य आहे, तेव्हा कागद वाढवू नये. मी तरीही नोंद केली. लिहिताना हात थबकला तो एका रकान्यापाशी: ‘कॉर्डन ओलांडणारी अनधिकृत व्यक्ती’. वाहिनीसाठी 1962च्या कायद्याने घेतला जातो तो फक्त जमिनीचा वापरहक्क. मालकी शेतकऱ्याचीच राहते. आम्ही त्यांच्याच शेतात ‘प्रवेश निषिद्ध’ लावून बसलो होतो, आणि तुमच्या मोटारीची वीज किती वाजता येते, एवढेही त्यांना विचारले नव्हते. मी छापील शब्द खोडून वर ‘शेतमालक’ असे लिहिले. कार्यालयातून नोंदीची स्वच्छ प्रत परत आली, तेव्हा तिच्यात पुन्हा ‘अनधिकृत व्यक्ती’ असेच होते.