घोड्याचे मागचे पाय आणि सव्वा ग्रॅम चांदी

आमच्या आबांकडे बिस्किटाच्या डब्यात पंधराएक शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांची तांब्याची नाणी होती, आणि त्यातल्या एकीवरही पूर्ण छाप नव्हती. एकीवर 'छत्र', दुसरीवर नुसतंच 'पति', तिसरीवर 'श्री राजा' आहे पण 'शिव' गायब. ठसा मोठा नि तांब्याची चकती लहान, मग अक्षरं कडेबाहेर जाणारच. हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं, तरी इंग्लंडमधल्या नॉरिचला आल्यावर पहिल्याच खरेदीत मी सपशेल फसलो.

नॉरिच म्हणजे आइसीनी या केल्टिक टोळीचा मुलूख. इ.स. 60-61 मध्ये रोमनांविरुद्ध उठलेली राणी बूडिका यांचीच. त्यांची चांदीची नाणी इथल्या संग्रहालयात पाहिली आणि मी केल्टिक नाण्यांच्या नादी लागलो. या नाण्यांचा मूळ नमुना मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपचं सोन्याचं नाणं: एका बाजूला अपोलोचं डोकं, दुसऱ्या बाजूला दोन घोड्यांचा रथ. ते गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे गेलं, तिथून नकलेची नक्कल होत ब्रिटनला पोचलं, तोवर अपोलोच्या फक्त केसांची नक्षी उरली, रथाचं जेमतेम चाक, आणि एकच घोडा, तोही सुटा सुटा. मला तर पहिले कित्येक दिवस त्यात घोडा दिसलाच नाही.

अशा अवस्थेत एका ऑनलाइन लिलावात 45 पौंडांना कुनोबेलिन या ब्रिटनमधल्या केल्टिक राजाचं 'सोन्याचं' नाणं दिसलं. कणसाचा दाणा न् दाणा स्पष्ट, घोडा नाकापासून शेपटापर्यंत शाबूत, कड गोल गरगरीत. लगेच घेतलं. घरी काट्यावर ठेवलं तर 3.9 ग्रॅम. खरं साडेपाचच्या आसपास भरतं. भिंगातून पाहिलं तर कडेवर बारीक शिवण. म्हणजे साच्यात ओतलेलं! खरं नाणं दोन ठशांच्या मध्ये धरून हातोड्याने पाडायचे, त्याला शिवण कुठून येणार? (तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेली खोटी नाणी त्या काळीही होती, पण तीसुद्धा ठोकून पाडलेली. ती आज हौसेने विकत घेतात.) विकणाऱ्याने पैसे काही परत केले नाहीत.

आबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "पूर्ण छाप दिसली की आधी शंका घ्यायची. विसरलास?"

मग तीन महिने एक पेनीही खर्च केली नाही. ऑक्सफर्डला 1961 पासून केल्टिक नाण्यांची सूची ठेवली जाते, तिच्यातले फोटो उघडून बसायचो आणि घोडे पेन्सिलीने गिरवायचो. पन्नासेक घोडे गिरवल्यावर मान कुठे नि मांडी कुठे ते आपोआप कळायला लागलं. सोन्याचा नाद सोडला. फक्त आइसीनींची चांदी, एवढंच ठरवलं.

पहिलं खरं नाणं नाण्यांच्या एका मेळ्यात मिळालं, 80 पौंडांना. विक्रेत्याला आधी कागद मागितला. इथल्या 1996 च्या कायद्याप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली तर ती सरकारदरबारी कळवावीच लागतात. सुट्या नाण्याला तशी सक्ती नाही, पण शोधणाऱ्याने नोंद केलेली असेल तर नाणं कुठल्या शेतातून आलं ते समजतं. माझ्या नाण्याची नोंद होती.

वजन 1.21 ग्रॅम, आकार करंगळीच्या नखाहून थोडा मोठा. पुढे पाठीला पाठ लावलेल्या दोन चंद्रकोरी, मागे घोडा, पण मान कडेबाहेर. पायांखाली ई-सी-ई अशी अक्षरं. पूर्ण मजकूर ई-सी-ई-एन. ते टोळीचं नाव की कुणा माणसाचं, यावर तज्ज्ञ अजून भांडतात.

पीव्हीसीच्या पाकिटात नाणी खराब होतात, म्हणून आम्लविरहित कागदाची पाकिटं आणली. वर वजन, ठिकाण, तारीख. घासायचं मात्र अजिबात नाही. आबा शिवराया चिंचेने घासून लख्ख करायचे, हे मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही.

आता चार नाणी आहेत. एकावर घोड्याचं फक्त तोंड, एकावर नुसते मागचे पाय. परवा चारही ओळीने मांडून आबांना व्हिडिओवर दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "आणि तो एन रे?"

एन एकावरही नाही. पुढचा मेळा मार्चमध्ये आहे.