अंतरपाट खाली येतो तेव्हा

बेळगावच्या मंगल कार्यालयांत लग्नाचे फोटो काढताना सध्या खरी डोकेदुखी म्हणजे एलईडी दिवे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवलं की फोटोवरचे आडवे पट्टे जातात. स्टेजमागची एलईडी वॉल मात्र हे गणित मानत नाही. तिथे चार फोटो काढून बघूनच शटर ठरवायचं.

पण 1/100 ला अक्षतांच्या रेघा होतात. म्हणून फ्लॅश 1/8 पॉवरवर. कमी पॉवरला झोत अगदी निमिषभर असतो, तांदूळ हवेतच थिजतात. अंतरपाट पांढरा असला की ऑटो एक्सपोजर (कॅमेऱ्यानं स्वतः ठरवलेला उजेड) फसतं, चेहरे काळवंडतात, मॅन्युअलच बरं. आणि अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार, हे भटजींना आधीच विचारून ठेवावं. तरी ऐनवेळी मामा मध्ये येतोच!

किल्ल्यातली 1204 सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, त्यामानानं शांत गिऱ्हाईक. छतावरच्या दगडी कमळासाठी ट्रायपॉड बुटका, लेन्स थेट वर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 200, लेन्सचं छिद्र एफ/8 आणि 2 सेकंदांचा टायमर. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला की पाकळ्या सपाट दिसतात. बाहेरून येणारा तिरपा उजेडच तिथे पुरतो.