लांडगे, सातवी नोंद: झेप मोडली, बर्फ रांगोळीचा

मागच्या नोंदीत माझ्या छोट्या शिकारीच्या देखाव्यातल्या ज्या झेपावणाऱ्या लांडग्याचं तुम्ही भरभरून कौतुक केलंत, तो मी रविवारी पक्कडीने मोडला. शिव्या नंतर घाला, आधी ऐका.

नव्याने आलेल्यांसाठी: अमेरिकेतल्या यलोस्टोन अभयारण्यातला हिवाळ्याचा शेवट, एक एल्क (तिकडचं मोठं हरीण), ६ लांडगे, माप १:१६. म्हणजे खांद्यापाशी ८० सेंटिमीटरचा लांडगा माझ्या पाटावर ५ सेंटिमीटरचा. आत बाइंडिंगची तार, वर एपॉक्सी पुटी. लहानपणी दिवाळीत किल्ला, मग सोसायटीच्या गणपतीचे देखावे, आणि आता हे. हाताची खाज, दुसरं काय.

तर झेप. त्या लांडग्याचे पुढचे दोन्ही पंजे मी एल्कच्या पाठीत रुतवले होते. दिसायला झकास, पण ती पोझ बिबट्याची! ठाण्यात येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहणाऱ्याच्या डोक्यात शिकार म्हटली की बिबट्याच येणार, त्याला इलाज नाही. बिबट्याची नखं आत ओढता येणारी, धारदार. तो पंजांनी कवळतो आणि मग चावतो. लांडग्याची नखं कुत्र्यासारखी कायम बाहेर, चालून चालून बोथट झालेली. त्यांनी काही धरून ठेवता येत नाही. पकडायला त्याच्याकडे जबडा सोडून दुसरं हत्यारच नाही. म्हणून तो धावत्या एल्कच्या मांडीला, कुशीला नाहीतर गळ्याला दातांनी लटकतो, आणि सव्वादोनशे किलोचं ते धूड त्याला झटकून द्यायला बघतं. लाथ नीट बसली तर बरगड्या गेल्याच. मोडून पुन्हा सांधलेली हाडं लांडग्यांच्या सांगाड्यांत सर्रास सापडतात.

मग मी त्याला दातांनी लटकवून पाहिलं. तार वाकवली, पुटी तडकली, परत लिंपली. मध्येच आइल रॉयलचे आकडे पुन्हा वाचले आणि हात थांबला. अमेरिकेच्या सुपीरियर सरोवरातलं हे बेट. लांडगे आणि मूस (एल्कहूनही मोठं हरीण) यांचा अभ्यास तिथे १९५८ पासून चालू आहे. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी तिथल्या हिवाळ्यांत विमानातून पाठलाग बघितले, मोजले. लांडग्यांनी हेरलेल्या १३१ मूसपैकी मेले किती? ६. अकरांना लांडग्यांचा सुगावा आधीच लागला, ते निघून गेले. २४ जागचे हललेच नाहीत, त्यांचा नाद लांडग्यांनीच सोडला. ९६ पळाले, त्यातले ४३ लगेच निसटले. प्रत्यक्ष दात लागले ते फक्त ७ जणांना.

म्हणजे आपण सगळे जो क्षण घडवत बसतो तो शंभरात पाचेक वेळा येतो. बाकी वेळ लांडगा चालतो आणि पारखतो. जनावर लंगडतंय का, मान खाली गेलीय का, पळताना कोण मागे पडतंय. बैलबाजारात गिऱ्हाईक बैल चालवून बघतं ना, तसं. नाही पटला, पुढचा दाखवा.

तेव्हा नवी मांडणी: एल्क उभी, मान ताठ, कान मागे, पुढचा एक पाय उचललेला. लांडगे थांबलेत. हवेत कोणीही नाही.

सहाच्या सहा पुढे आणायचे नाहीत हेही ठरलं. यलोस्टोनच्या निरीक्षणांवरून २०१२ मध्ये दाखवून दिलं गेलं की एल्कच्या शिकारीत चार लांडग्यांपर्यंत यश वाढतं, त्यापुढे नाही. जास्तीचे मागे मागे राहतात. (बायसन म्हणजे तिकडच्या रानगव्याची गोष्ट वेगळी, तिथे जास्त तोंडं लागतात.) म्हणून चौघं पुढे, पाचवा बर्फात बसलेला, सहावा भलतीकडेच बघतोय. असा एक प्रत्येक ऑफिसात असतो.

एल्क मादी का, हे काहींनी विचारलं होतं. नराची शिंगं करायची मलाही हौस होती, पण हिवाळा सरताना लांडग्यांचा डोळा असतो तो शिंगं लवकर गाळून बसलेल्या नरांवर. तसा नर केला तर शिंगं गेलीच. मग कशाला!

सगळ्यात मजा आली पाऊलवाटेत. खोल बर्फात कळप एका रांगेत चालतो, मागचा पुढच्याच्या ठशात पाय टाकतो. सहा जण, पण वाट एकच. एल्कपासून वीतभर अंतरावर तिला फाटे फोडले. ठसे दाभणाच्या मागच्या टोकाने, बोटं सुईने. चार रात्री गेल्या आणि मान धरली.

हे सगळं दुसऱ्या बर्फावर. पहिला बेकिंग सोडा आणि पांढऱ्या गोंदाचा होता. जुलैच्या दमट हवेत तो पिवळा पडला, गोळे धरले, कडेने सुटायला लागला. खरवडून काढला. आता जांभळी नाक्यावरून आणलेली शिरगोळ्याची पांढरी रांगोळी, मॅट वार्निशच्या ओल्या थरावर चहाच्या गाळणीने भुरभुरवलेली. तिरप्या उजेडात कणकण चमकतो, रंग अजून जसाच्या तसा. घरात नवी गाळणी आणून द्यावी लागली, तो खर्चही धरा.

छोट्या पाटावर जेवणाचा देखावा चालू आहे. पोट फाडून आधी कलेजी, फोफसं, हृदय. जठरातला चारा तसाच बाजूला टाकतात. त्या ढिगासाठी वाळवलेला चहाचा चोथा आणि थोडा हिरवा रंग. एक मोठा लांडगा एका बैठकीत ९ किलोपर्यंत खातो, म्हणून त्याचं पोट मी मुद्दाम टम्म केलंय, उगाच बेढब म्हणू नका. फोडलेल्या मांडीच्या हाडातली मज्जा पांढरी नाही, लाल रंगवून वर ग्लॉस मारलाय: उपासमारीने खंगलेल्या जनावराच्या मज्जेतली चरबी संपते आणि ती जेलीसारखी लाल दिसते.

अडलंय ते रेव्हनपाशी, म्हणजे मोठ्या डोमकावळ्यापाशी. लांडग्यांच्या पानावर हे काळे पाहुणे हजर असतातच, म्हणून ११ केले. पण बेतले तलावपाळीच्या कावळ्यांवरून, त्यामुळे चोची बारीक झाल्या. रेव्हनची चोच चांगली जाडजूड असते. अकराही चोची कापल्यात, पुटी संपलीय, शनिवारी आणतो.